कडा आणि ओळी

दादा गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी येऊन गेला. पहिल्या रात्री सगळी आवराआवर झाल्यावर त्याने बॅगेतून पुठ्ठ्याचं एक जुनं पाकीट काढलं आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकवलं. आत बाबांच्या पत्राचा उजवा अर्धा भाग होता. डावा अर्धा माझ्याकडे आहे, शब्दकोशाच्या पानांत, जवळजवळ चाळीस वर्षं. बाबा कामासाठी बाहेर असताना त्यांनी आम्हा दोघांना मिळून लिहिलेलं ते पत्र. आधी कोणी वाचायचं यावरून दारातच ओढाओढ झाली आणि कागद वरपासून खालपर्यंत उभा फाटला. मग हट्टाने आपापला तुकडा आपापल्याकडे. पंधरा दिवसांनी बाबा परतले, त्यामुळे पत्रातल्या सूचनांना काही अर्थ उरला नाही, तरी तुकडे राहिले. आधी हट्ट म्हणून, पुढे सवय म्हणून, आणि बाबा गेल्यानंतर टाकवत नाहीत म्हणून. इतक्या वर्षांत ते एकदा शेजारी ठेवून बघावेत असं दोघांपैकी एकालाही का सुचलं नाही, कोण जाणे.

मी शब्दकोश आणला. टेबलावरचं सगळं बाजूला केलं आणि दोन्ही तुकडे जवळ सरकवले. ते जुळेनात. माझ्या तुकड्याची कड इतकी मऊ पडली होती की तिचे तंतू बोटाला लागत होते, आणि एका ठिकाणी करंगळीच्या नखाएवढा कागद चक्क झिजून गेला होता. दादाने त्याच्या कडेला कधीतरी चिकटपट्टी लावली होती, आणखी फाटू नये म्हणून. ती आता तपकिरी झाली होती आणि खालची अक्षरं तिने गिळली होती. पट्टीचा काही भाग कडेच्या बाहेर आला होता, त्यामुळे वरच्या बाजूला तुकडे एकमेकांवर चढत होते आणि खाली फट राहत होती. मला उगाचच वाईट वाटलं. पण मग दादा वाचायला लागला, माझ्या तुकड्यावरून सुरुवात करून त्याच्या तुकड्यावर जात. 'कपाटातली नि' इथे माझं संपलं, 'ळी वही' हे त्याच्याकडे सुरू झालं. 'घड्याळाला कि', 'ल्ली द्यायची'. कडा जुळत नव्हत्या, ओळी मात्र सरळ पलीकडे जात होत्या. सतरा ओळींपैकी सोळा.

सतरावी अडली. माझ्याकडे 'मी येईपर्यंत दोघं' आणि त्याच्याकडे, चिकटपट्टीच्या तपकिरी डागाखालून बाहेर डोकावणारा एक दीर्घ उकार, आणि पुढे 'नका'.

"भांडू नका," मी म्हणाले. मला त्यात शंकाच नव्हती. लहानपणापासून मी ती ओळ तशीच पुरी करत आले होते.

"जागू नका," दादा म्हणाला. "रात्रीच्या गाडीने यायचे ते. आपण दाराशी बसून राहायचो, विसरलीस?" आणि मग, थोडं थांबून, "बाकी फाडलंस तूच."

"तू सोडलं नाहीस."

त्यावर दोघंही गप्प झालो. तो झोपायला गेला आणि मी टेबलाशी बसून राहिले, त्या दोन तुकड्यांकडे आणि मधल्या फटीकडे बघत. आणि माझ्या डोक्यात आला आल्फ्रेड वेगेनर, खंडं सरकतात असं म्हणणारा शास्त्रज्ञ. मी भूगोलाची अभ्यासक नाही, पण या माणसाबद्दल मी वर्षानुवर्षं मिळेल ते वाचत आलेय, आणि त्याने दिलेला एक दृष्टान्त मला फार आवडतो. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे आपण कडा जुळवून शेजारी ठेवतो, पण ते खरंच एका पानाचे आहेत का हे कडांवरून ठरत नाही. छापील ओळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नीट जातात का, यावरून ठरतं. आणि अशी एकच ओळ जुळली तर तो योगायोग असू शकेल, अनेक जुळल्या तर दुसरा निष्कर्ष काढायला जागा उरत नाही. हे तो कागदाबद्दल बोलत नव्हता. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेबद्दल बोलत होता.

त्या दोन किनाऱ्यांचं साम्य कोणाच्याही नजरेत भरतं. अब्राहम ऑर्टेलियस या नकाशाकाराने १५९६ मध्येच ते नोंदवलं होतं. वेगेनरने १९१० च्या नाताळात एका सहकाऱ्याचा नवा नकाशासंग्रह चाळताना ते पाहिलं, आपल्या वाग्दत्त वधूला पत्रातून कळवलंही, आणि मग सोडून दिलं, कारण त्यालाच ते संभवनीय वाटेना. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नुसत्या कडांवर त्याने विश्वास ठेवला नाही. पुढच्या वर्षी ग्रंथालयात त्याच्या हाती एक लेख पडला. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या खडकांत तेच ते जीवाश्म सापडतात, अशा नोंदींचा. म्हणजे ओळी. मग मात्र तो थांबला नाही. ६ जानेवारी १९१२ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, फ्रँकफुर्टच्या सभेत त्याने सांगितलं की खंडं पूर्वी एकत्र होती आणि सरकत सरकत दूर गेली आहेत. तो हवामानशास्त्रज्ञ होता. खडकांच्या शास्त्रात त्याला कोणी बोलावलेलं नव्हतं.

त्या ओळींपैकी एक म्हणजे मेसोसॉरस. साधारण मीटरभर लांबीचा, उथळ पाण्यात पोहणारा, सुईसारख्या दातांचा प्राणी; सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची हाडं ब्राझील आणि उरुग्वेमध्ये मिळतात, तशीच दक्षिण आफ्रिका आणि नामिबियामध्ये. बाकी जगात कुठेही नाहीत. एवढासा जीव हजारो किलोमीटरचा खारा महासागर पोहून गेला असं कोणालाच म्हणवत नव्हतं. मग भूगर्भशास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग काढला: दोन खंडांमध्ये पूर्वी जमिनीचे लांबलचक पूल होते, प्राणी त्यांवरून चालत गेले, आणि नंतर पूल समुद्रात बुडाले. एक मासा इकडे-तिकडे दिसला की एक पूल, एक गोगलगाय दिसली की दुसरा. वेगेनरने दाखवून दिलं की हे होऊच शकत नाही, कारण खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकापेक्षा हलका असतो. लाकडाचा ओंडका पाण्यात तळाशी जाऊन बसत नाही तसा तोही खाली जाऊन बसणार नाही. पण पूल सोडायला कोणी तयार नव्हतं. मधली जागा रिकामी राहिली की माणूस तिथे आपल्या ओळखीचं काहीतरी बांधतो.

दुसरी ओळ एका पानाची आहे, झाडाच्या पानाची. ग्लोसोप्टेरिस. ग्रीकमधल्या जिभेवरून नाव पडलं, कारण पान जिभेसारखं लांबट. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया या सगळीकडे याची रानं होती. 'गोंडवन' हे नाव त्या जुन्या एकसंध भूमीला मिळालं तेही भारताच्या मध्यभागातल्या, गोंडांच्या प्रदेशातल्या याच खडकांवरून. वेगेनर फ्रँकफुर्टमध्ये बोलला त्याच्या महिन्याभरानंतर, फेब्रुवारी १९१२ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाच माणसं दक्षिण ध्रुवाहून परत येत होती. हरलेली, कारण ध्रुवावर दुसऱ्यांचा झेंडा आधीच लागलेला. भुकेलेली, हिमदंशाने पाय सुजलेली. तरीही रॉबर्ट स्कॉटच्या या चमूने बिअर्डमोर हिमनदीच्या काठी थांबून दगड गोळा केले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला, आत तीन मृतदेह, आणि जवळच घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड. शेवटपर्यंत ओढत आणलेले. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसची पानं होती. झाडाचं नाव नसलेल्या त्या बर्फाळ खंडावर एके काळी रान होतं, आणि ते बाकीच्या दक्षिणेकडच्या खंडांवर होतं तेच. फ्रँकफुर्टच्या सभागृहातल्या माणसाला आणि तंबूतल्या माणसांना एकमेकांची कल्पनाही नव्हती. एक जण पत्राची एक बाजू वाचत होता, दुसऱ्यांच्या गाडीवर दुसरी बाजू होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

बर्फाच्या ओळी आहेत त्या वेगळ्याच. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर ओरखडे काढतात, आणि त्या ओरखड्यांवरून ती कुठून कुठे गेली ते कळतं. तीस कोटी वर्षांपूर्वीचे असे ओरखडे आज भर उन्हाच्या प्रदेशांत आहेत. चंद्रपूरजवळ इरईच्या काठीही आहेत. दक्षिण अमेरिकेत तर ते असं सांगतात की बर्फ आजच्या समुद्राकडून जमिनीवर चढत आला. समुद्रातून हिमनदी वर कशी येईल? पण आफ्रिका शेजारी आणून ठेवा, खंडं ध्रुवाभोवती गोळा करा, आणि सगळे ओरखडे एकाच मोठ्या बर्फाच्या चादरीखालचे होऊन जातात.

इतकं सगळं असूनही वेगेनरला नाकारलं गेलं, आणि ते एका प्रश्नावर. खंडं हलवली कोणी? त्याच्याकडे उत्तर होतं ते कच्चं होतं. पृथ्वीच्या फिरण्यातून आणि भरती-ओहोटीच्या ओढीतून येणारं बळ त्याने पुढे केलं. हॅरल्ड जेफ्रीज या इंग्रज भूभौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की ते बळ कितीतरी पटींनी अपुरं आहे. जेफ्रीजचं गणित बरोबर होतं. वेगेनरने सांगितलेला सरकण्याचा वेगही खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. हे मान्य करायलाच हवं. पण त्या रात्री टेबलाशी बसून मला पहिल्यांदा त्या युक्तिवादातली चूक अंगाला भिडल्यासारखी कळली. आमचं पत्र कोणी फाडलं हे चाळीस वर्षांत ठरलेलं नाही. मी ओढलं की दादाने सोडलं नाही, की दोन्ही. कधी ठरणारही नाही. म्हणून ते पत्र एक नव्हतं का? फाडणारा हात दाखवता येत नाही, एवढ्यावरून सोळा ओळी खोट्या ठरत नाहीत.

त्याच्या बाजूने बोलणारे थोडे होते. दक्षिण आफ्रिकेचा अलेक्झांडर ड्यू टॉय १९२३ मध्ये मुद्दाम दक्षिण अमेरिकेला गेला आणि महिनोन्‌महिने तिथले खडक पायाखाली घालत फिरला; त्याला जागोजागी घरचेच थर भेटत राहिले. भूगर्भशास्त्रज्ञ आर्थर होम्सने १९२० च्या दशकाअखेर सुचवलं की पृथ्वीच्या पोटातलं प्रावरण, घन असूनही, आतल्या उष्णतेने अतिशय सावकाश वर-खाली अभिसरत असेल आणि खंडांना वाहून नेत असेल. फाडणाऱ्या हातापर्यंत पोचायचा रस्ता तिथे होता. पण वेगेनरला फारसा वेळ मिळाला नाही. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फाच्या पठारावर मोहीम घेऊन गेला होता. आतल्या ठाण्यावर अडकलेल्या सोबत्यांपर्यंत पोचून, १ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला, तो रॅस्मुस विलुमसेन या तरुण ग्रीनलंडवासी सोबत्याबरोबर किनाऱ्याकडे परत निघाला. दोघंही पोचले नाहीत. पुढच्या मे महिन्यात बर्फात उभ्या रोवलेल्या स्की दिसल्या आणि खाली वेगेनर सापडला, कापडात नीट शिवून, जपून पुरलेला. विलुमसेनने हे सगळं एकट्याने, त्या थंडीत केलं होतं आणि मग तो पुढे गेला. तो कधीच सापडला नाही. वेगेनरला तिथेच ठेवलं आहे. ग्रीनलंड युरोपापासून वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर दूर जातं. तो गेल्यापासून आतापर्यंत ते जेमतेम एका माणसाच्या उंचीएवढं सरकलं असेल.

फाडणारा हात पुढे सापडला तो समुद्राच्या तळाशी, आणि त्याची पहिली रेघ ओढली एका बाईने, जिला त्या काळी संशोधन जहाजावर पाऊलही ठेवता येत नव्हतं. मेरी थार्प. न्यूयॉर्कजवळच्या वेधशाळेत बसून ती जहाजांनी आणलेले खोलीचे आकडे कागदावर उतरवत होती. १९५२ च्या सुमारास अटलांटिकच्या मधोमध जाणाऱ्या पाण्याखालच्या डोंगररांगेच्या माथ्यावर तिला एक खोल घळ दिसली, एका छेदात नाही, सगळ्या छेदांत, एकाखाली एक. म्हणजे तळ तिथे उलतोय. तिचा सहकारी ब्रूस हीझेन याने या बायकी गप्पा आहेत म्हणून ते उडवून लावलं. पण शेजारच्याच टेबलावर हॉवर्ड फॉस्टर समुद्रातल्या भूकंपांच्या जागा नकाशावर टिपत होता, त्याच मापाच्या नकाशावर. दोन्ही कागद खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर एकमेकांवर ठेवले गेले, आणि भूकंपांचे ठिपके थेट त्या घळीत जाऊन बसले. वाद मिटायला आणखी काही काळ गेला, पण मला त्या काचेवरच्या उजेडाचा क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणावासा वाटतो. दोन माणसांनी, दोन वेगळ्या कामांसाठी काढलेले दोन कागद, आणि खालून उजेड.

मग सगळं भराभर झालं. घळीतून शिलारस वर येतो, गोठतो, दोन्ही बाजूंना ढकलला जातो. गोठताना बेसाल्टमधले लोहाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला तोंड करून कायमचे थिजतात. आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधूनमधून उलटे होत आले आहेत, शेवटचे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. त्यामुळे समुद्रतळावर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे पडतात, घळीच्या डावी-उजवीकडे आरशातल्यासारखे. हे १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी छापलं. लॉरेन्स मॉर्ले या कॅनडाच्या माणसाने तेच स्वतंत्रपणे लिहिलं होतं. त्याचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. आणि सगळ्यांत विलक्षण म्हणजे वय. जमिनीवर ४०० कोटी वर्षांचे खडक आहेत, पण महासागरांच्या आजच्या तळावर साधारण १८ कोटींहून जुनं जवळजवळ काही उरलेलंच नाही. आपण समुद्राला अनादि म्हणतो. दोन काठांमधली ती फट काठांपेक्षा फार फार लहान आहे.

१९६५ मध्ये एडवर्ड बुलार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणक वापरून अटलांटिकच्या कडा जुळवून पाहिल्या. त्यांनी किनारा घेतला नाही. किनारा म्हणजे पाण्याने आज जिथे हात ठेवलाय ती जागा. खंडाची खरी कड त्याच्या पुढे पाण्याखाली, जिथे तळ खोल समुद्राकडे उतरतो तिथे. सुमारे ९०० मीटर खोलीवरची रेषा धरली तर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका थक्क व्हावं इतकी बसतात. तरी काही ठिकाणी फटी राहतात, काही ठिकाणी एकमेकांवर चढतात. नायजर नदीच्या मुखाशी चढतात, कारण तिथला त्रिभुज प्रदेश फाटल्यानंतर नदीने गाळ आणून घातलेला आहे. तो मूळ कडेचा भागच नव्हे. दादाची चिकटपट्टीच ती. वेगळं झाल्यावर माणूस आपापल्या कडेला जे जे लावत जातो, ते पुन्हा जवळ आल्यावर आड येतं.

दोन वर्षांनी पॅट्रिक हर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे केलं, ते वेगेनरने पाहायला हवं होतं. पश्चिम आफ्रिकेत सुमारे २०० कोटी वर्षांचे खडक आणि ५५-६० कोटी वर्षांचे खडक यांच्यात एक स्पष्ट सीमा आहे, ती घानामध्ये आक्राजवळ समुद्रात उतरते. बुलार्डच्या जुळणीप्रमाणे ती ओळ ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर सांव लुईसजवळ पुन्हा वर यायला हवी. त्यांनी तिथल्या खडकांची वयं मोजली. ती तिथेच होती. मधे अख्खा महासागर, आणि वाक्य पुरं.

हे सगळं मनातल्या मनात घोळवत मी बसले होते, आणि हात नकळत दादाच्या तुकड्यावर गेला. सतरावी ओळ. तो दीर्घ उकार. भांडूलाही तोच, जागूलाही तोच. एवढ्यावर काहीच ठरत नाही. आणि मला जाणवलं की 'भांडू' हा शब्द मी पत्रात कधी पाहिलेलाच नव्हता. पत्र फाटलं त्या दिवशी मला जे वाटत होतं, ते मी त्या फटीत बांधून ठेवलं होतं, आणि मग चाळीस वर्षं त्या पुलावरून ये-जा करत होते. बाबांनी सांगूनसुद्धा आपण भांडलो. त्यांचं सांगणं ज्या कागदावर होतं तोच फाडला. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसले असतानासुद्धा हे माझ्या मनात येऊन गेलं होतं, आणि मी ते बोलले नव्हते.

टेबलावरचा दिवा मी खाली वाकवला आणि दादाचा तुकडा त्याच्यासमोर धरला. चिकटपट्टीचा तपकिरी रंग उजेडात मधासारखा झाला. आत, कडेच्या अगदी लगत, शाईची एक रेघ दिसली. उभी. शिरोरेषेपासून निघून सरळ खाली त्या उकारापर्यंत आलेली. डाव्या बाजूने तिला काहीही चिकटलेलं नव्हतं, एखादी तिरकी रेषा नाही, गाठ नाही. तिथून पुढे कागदच संपत होता. मी डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. ड असा नसतो. ड ला दंडच नसतो, तो शिरोरेषेखाली गोल वळतो आणि उकार त्या वळणाच्या पोटाला लागतो. हा दंड होता, एकटा उभा, बाबांच्या अक्षरात नेहमी किंचित लांब असायचा तसा. ग चा. त्याच्या डाव्या हाताचं वळण त्या दिवशी दारात फाटून गेलं होतं.

जागू नका.

मी कितीतरी वेळ तो तुकडा तसाच धरून होते. दिव्याने बोटं तापली. दादाला उठवून सांगावं असं वाटलं, आणि नकोही वाटलं. तो बरोबर होता हे त्याला सांगायला सकाळ होतीच. आतून त्याच्या घोरण्याचा आवाज येत होता, बाबांसारखाच, श्वास आत घेताना मध्येच थोडा अडणारा. घड्याळात पावणेदोन झाले होते. मी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी शब्दकोशात ठेवले, दिवा बंद केला आणि झोपायला गेले.